आर्ट डेको इमारती (मुंबई)

मुंबईत मुख्यतः १९३० ते १९५० या काळात उभ्या राहिलेल्या मध्यम उंचीच्या, बहुतांशी निवासी इमारती. ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू, मरीन ड्राइव्ह, दादर, माटुंगा आणि शिवाजी पार्क या भागांत त्यांच्या रांगाच आहेत. शैलीचे नाव पॅरिसच्या १९२५ सालच्या प्रदर्शनावरून पडले, पण रुळले ते १९६० नंतर. मराठी घरांत शब्द होता ‘ब्लॉक’. चाळीत नळ-संडास सामाईक. ब्लॉकमध्ये ते दाराच्या आत आले. राहायला येणाऱ्याला शैलीपेक्षा याचेच अप्रूप अधिक असणार.

मागचे खरे बळ आरसीसीचे, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचे. भार भिंतींवरून खांब-तुळयांवर गेल्यामुळे खिडकी कोपऱ्यावरून वळवता आली, गॅलऱ्यांना गोलाई देता आली. या शैलीचा उत्तम नमुना म्हणजे खिडकीवरचा छज्जा. तो भिंतीतून पातळ पट्टीसारखा बाहेर येतो आणि कोपऱ्याला वळसा घालून पुढच्या खिडकीवर जातो. मुंबईच्या उन्हापावसाला तो हवाच होता. इथे गरजच नक्षी झाली. याउलट, दारांच्या जाळ्यांवरचे उगवते सूर्य, लाटा आणि जहाजासारखे कठडे निव्वळ हौसेचे. आत मोझेकची फरशी. अनेक इमारतींना मागे सफाई कामगारांसाठी वेगळा जिना असे. आधुनिकता दर्शनी बाजूला आणि जात मागल्या जिन्याला, अशी ही वाटणी होती.

ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या रांगा बॅकबे भरावाच्या, म्हणजे समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर आहेत. मरीन ड्राइव्हवरील ‘सूना महल’ आणि ओव्हलसमोरील ‘एम्प्रेस कोर्ट’ ही गजानन बाबुराव म्हात्रे यांची कामे. मैदानापलीकडे हायकोर्ट आणि राजाबाई टॉवरची गॉथिक रांग आहे. या गॉथिक आणि आर्ट डेको रांगांच्या समूहाला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. दादर-माटुंग्याच्या इमारती त्यात नाहीत. मराठी मध्यमवर्गाचे आयुष्य जिथे गेले तो भाग मात्र हाच, आणि पुनर्विकासात पाडापाडी जास्त तिथेच होते.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्यामुळे जुने भाडेकरू टिकले, डागडुजी मात्र रेंगाळली. गॅलऱ्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद झाल्या. खाऱ्या हवेने आतली सळई गंजून फुगते आणि प्लास्टरचे पोपडे सुटतात. बऱ्याचदा सुरुवात होते ती त्या छज्ज्याच्या कडेपासून.