क्लार्क लेव्हल ४ म्हणजे स्टेज ४ नव्हे

दिंडोरीकडच्या एका मावशींच्या टाचेवरचा काळा डाग काढला, तपासणीत मेलानोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, निघाला. पोराने रिपोर्ट नाशकात सीबीएस बस स्टँडवर उभ्याउभ्याच वाचला, 'क्लार्क लेव्हल ४' दिसलं आणि लगेच घरी फोन, चौथी स्टेज आहे म्हणून. घरात रडारड.

तर क्लार्क लेव्हल ही १९६९ची पद्धत. गाठ कातडीच्या कुठल्या थरापर्यंत उतरली एवढंच ती सांगते. १ म्हणजे अगदी वरचा थर, ४ म्हणजे आतला जाड थर, ५ म्हणजे खालची चरबी. स्टेज ४ म्हणजे कॅन्सर फुप्फुस, लिव्हर, मेंदू असा लांब कुठेतरी पोचलाय. दोन्हीकडे ४ आहे, बाकी काही संबंध नाही.

त्याच रिपोर्टमध्ये खाली 'ब्रेस्लो थिकनेस १.३ मिमी' होतं, ते कुणी वाचलंच नाही आणि खरं बघायचं ते तेच. ब्रेस्लो नावाच्या डॉक्टरने १९७० मध्ये थरांची भानगड सोडून वरून सगळ्यात खोल पेशीपर्यंत सरळ मिलिमीटरच मोजले. बोअर घेताना मुरूम कुठे लागला नि खडक कुठे हे दर वावरात वेगळं, फूट मात्र सगळीकडे सारखेच, तसंच आहे हे. टाचेची कातडी जाड, पापणीची पातळ, त्यात एक थर कुठे संपला यावर दोन पॅथॉलॉजिस्टचंही जमेलच असं नाही. म्हणूनच २०१८ पासून लागू झालेल्या एजेसीसीच्या (कॅन्सरच्या स्टेज ठरवणारी अमेरिकन समिती) आठव्या आवृत्तीत क्लार्क धरतच नाहीत, जाडीचे टप्पे पडतात १, २ आणि ४ मिमीवर. ०.८ च्या आत असेल आणि अल्सरेशन नसेल तर सगळ्यात बरं.

हे अल्सरेशन मायक्रोस्कोपखाली ठरतं, वरची कातडी फुटलेली दिसली तर जाडी तीच असूनही धोका वाढतो.

आपल्याकडे मेलानोमा कमीच, पण होतो तो बऱ्याचदा तळपायाला नाहीतर नखाखाली, आणि लोक कुरूप समजून ब्लेडने कापत बसतात (प्लीज नका कापू), तोवर मिलिमीटर वाढतात.

१.३ मिमीला डॉक्टर सहसा जांघेतली पहिली लिम्फ नोड (कॅन्सर पसरताना आधी जिथे पोचतो ती छोटी गाठ) तपासायला सांगतात, आणि कॅन्सर तिथवर गेलाय की नाही यावर पुढचं बरंच ठरतं. त्या नोडचा रिपोर्ट हातात नसेल तर स्टेज कितवी म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका, पक्की तेही सांगू शकत नाहीत.