कॉम्प्युटरचं नेट मधेच तुटतंय? फोन करण्याआधी एवढं बघा

नेट पूर्ण बंद पडलं तर दोष लवकर सापडतो. डोकेदुखी असते ती मधेच जाऊन दोन मिनिटांत आपोआप येणाऱ्या नेटची, कारण आम्हा नेटवाल्यांचा माणूस घरी पोचेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. म्हणून नेट गेलेलं असतानाच काय दिसतं ते पाहून ठेवा. डबा (नेटचा राउटर) बंद-चालू करायची घाई करू नका. नेट येईल, पण दोष कुठे होता ते कळणार नाही.

आधी डब्याचे दिवे. 'एलओएस'चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर, म्हणजे घरात नेट आणणारी काचेची बारीक वायर, कुठेतरी तुटली, दुमडली किंवा उंदरानं कुरतडली. कपाटामागे ती चेपलेली नाही ना, खिळ्याला आवळून बांधलेली नाही ना, तेवढं बघा. वळण निदान बांगडीएवढं हवं. फायबरचा जॅक काढून टोकात डोकावू नका. त्यातला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. पुढचं काम आमचं.

सगळेच दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर बहुतेक अ‍ॅडॅप्टर गेलाय. उन्हाळ्यात ही तक्रार हमखास येते: कुलर सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर पडतं आणि जुना अ‍ॅडॅप्टर तेवढंही सांभाळू शकत नाही. नवा घेताना व्होल्ट डब्यावर लिहिलेत तेवढेच (बहुतेक १२), अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिन बसते म्हणून सेट-टॉप बॉक्सचा लावू नका. आणि डबा पत्र्याला लागून किंवा इन्व्हर्टरवर ठेवू नका, तापून तोही अडकतो.

दिवे ठीक आहेत, मोबाईलवर वायफायही चालतंय, फक्त कॉम्प्युटर अडतोय? मग दोष डबा ते कॉम्प्युटर या टप्प्यातच आहे. तरी शंका राहिली तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या (हुकूम टाइप करायच्या काळ्या) दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. पिंग म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का ते बघणं. एकीत 'पिंग १९२.१६८.१.१ -टी' (हा डब्याचा पत्ता, स्टिकरवर असेल तो), दुसरीत 'पिंग ८.८.८.८ -टी' (हा बाहेरचा, गूगलचा), दोन्ही इंग्रजीतच टाइप करायचं. पहिलीत एक मिलिसेकंदाच्या आसपास उत्तर यायला हवं. तिथेच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' (उत्तर आलं नाही) दिसलं तर दोष वायर, पोर्ट किंवा कॉम्प्युटरचा. पहिली नीट आणि दुसरी तुटतेय, तर दोष आमच्या बाजूचा. दोन्ही नीट, पण साइट उघडत नसतील, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा. कंट्रोल आणि सी दाबलं की किती पॅकेट (निरोप) हरवली तो आकडा येतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

आता वायर. प्लगची क्लिप तुटली असेल तर तो पोर्टात सैल बसतो आणि टेबलाला धक्का लागला तरी नेट जातं. प्लग जवळून बघा: वायरचं बाहेरचं आवरण आत घट्ट दाबलेलं हवं. रंगीत तारा उघड्या दिसत असतील तर ओढ थेट त्यांच्यावर येते. आठ तारा, चार जोड्या. १०० एमबीपीएसला केशरी आणि हिरवी जोडी पुरते, त्यावरच्या वेगाला चारही लागतात. म्हणून २०० चा प्लॅन असून वेग ९०-९५ वरच अडकत असेल, तर निळी किंवा तपकिरी तार तुटल्याचा संशय घ्या. तार चाकूनं खरवडल्यावर आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. वाकवली की मोडते. अशी वायर दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, बदलाच. लाईटच्या वायरसारखा पीळ देऊन चिकटपट्टी लावलेला जोडही चालत नाही.

वायर बदलूनही जात असेल तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स, तुमचं इथरनेट कार्ड, पॉवर मॅनेजमेंट इथे जा आणि वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची टिक काढा. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'एनर्जी एफिशिएंट इथरनेट' दिसलं तर तेही बंद करा. कॉम्प्युटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ नं सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला डब्याकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी डब्यावरचं दुसरं पोर्ट वापरून बघा.

एक मात्र करू नका: डब्याच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी. त्यानं आम्ही भरलेली सगळी सेटिंग पुसली जाते आणि चालू नेटही बंद होतं.

मे-जूनमध्ये ढग भरून आले की, विजा कडाडायच्या आधीच, अ‍ॅडॅप्टर बोर्डातून काढा आणि लॅनची (डब्याकडून येणारी) वायरही कॉम्प्युटरमधून काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण लाईटच्या लाईनीतून आणि माळवदावरून वरच्या खोलीत नेलेल्या तांब्याच्या वायरीतून येते. फक्त पोर्ट जळालं असेल तर बहुतेक वेळा मदरबोर्ड बदलायची गरज नसते. यूएसबीचं लॅन अ‍ॅडॅप्टर लावून काम भागतं.

फोन करताना नेट किती वाजता गेलं, कोणते दिवे कसे होते आणि पिंगच्या कोणत्या खिडकीत तुटलं, हे सांगा.