ट्रायआउटमध्ये नेमकं काय मोजलं जातं?

अमेरिकेतल्या मुलांच्या सॉकरमध्ये २०२६-२७ च्या हंगामापासून वयोगटाची रेघ सरकते आहे. गेली काही वर्षं गट जन्मवर्षाप्रमाणे, म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे पडत होते. आता बहुतेक ठिकाणी ते १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे पडतील, म्हणजे एका इयत्तेतली मुलं साधारण एका संघात येतील. त्यामुळे ट्रॅव्हल टीमचे, म्हणजे ट्रायआउट या निवड चाचणीतून मुलं घेऊन गावोगावी सामने खेळणाऱ्या संघांचे, मॅनेजर याद्या नव्याने मांडताहेत. हे काम बहुधा कुणा तरी आईच्या किंवा बाबांच्या गळ्यात पडलेलं असतं, आणि तेही बिनपगारी. दर शनिवार-रविवारी मुलांना गाडीत घालून लांबलांबच्या मैदानांवर नेणारी मराठी घरंही यात आहेत.

वरवर पाहता हा नुसता कागदोपत्री बदल. पण डिसेंबरात जन्मलेलं जे मूल काल गटात सर्वांत लहान होतं, ते आता बऱ्याच जणांपेक्षा मोठं ठरेल, आणि जुलैतलं मूल शेपटाला जाईल. दोघांच्याही पायातलं कसब मात्र कालचंच.

तारीख हलली की काय होतं, हे बेल्जियमने आधीच दाखवलं आहे. तिथे १९९७ मध्ये रेघ १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर नेली. वेर्नर हेल्सेन आणि सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या मुलांच्या संघांतल्या जन्मतारखा तपासल्या. आधी निवड झालेल्यांत ऑगस्टपासूनच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा होता, नंतर तो जानेवारी ते मार्चकडे गेला. बेल्जियमची गुणवत्ता एका वर्षात पाच महिने सरकली, असं तर कुणी म्हणणार नाही. कॅनडात रॉजर बार्न्सली यांनी १९८० च्या दशकातच आइस हॉकीत हेच दाखवलं होतं. शास्त्रज्ञ याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात.

दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे जवळजवळ एक दशांश आयुष्य. मोठं मूल जरा उंच, जरा वेगवान असतं, जरा लवकर सूचना समजून घेतं. कोच त्याला पहिल्या संघात घेतो. मग त्याला चांगलं प्रशिक्षण, तगडे प्रतिस्पर्धी, जास्त मिनिटं मिळतात, आणि दोन वर्षांनी ते खरोखरच पुढे गेलेलं असतं. कोचला वाटतं, आपली पारख बरोबर होती! हे चक्र मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत फसवा भाग वाटतो.

बारा-तेराच्या पुढे जन्मतारखेपेक्षाही शरीराची घाई मोठी ठरते. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत सरासरी बाराव्या, तर मुलग्यांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो; पण व्यक्तीगणिक त्यात दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात. त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलग्यांच्या संघात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून चौथीतला वाटतो. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाच्या शॉन कमिंग यांनी प्रीमियर लीगच्या अकादम्यांबरोबर यावर काम केलं. मुलाची सध्याची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून त्याच्या प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज काढायचा, त्याच्या किती टक्के वाढ झाली ते पाहायचं आणि सारख्या टक्क्यांच्या मुलांना काही सामने एकत्र खेळवायचे. लहानखुऱ्यांना चेंडू पायात ठेवायला वाव मिळतो. आडदांडांना पहिल्यांदाच धक्क्याऐवजी डोकं वापरावं लागतं.

उंचीवाढीच्या या जोरातच गुडघ्याखाली आणि टाचेत दुखणं सुरू होतं. हाडांची वाढीची टोकं तेव्हा कच्ची असतात आणि स्नायू त्यांना ओढत असतात. पळणं अडखळतं, हमखास जमणारे पासही चुकतात. अशा वेळी जादा सराव आणि परतीच्या गाडीत बाबांचं सामन्याचं विश्लेषण, दोन्ही नको. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं आहे की आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी, वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून विश्रांती, आणि एकाच खेळाला वाहून घेणं शक्यतो पंधरा-सोळापर्यंत लांबवावं. हजारो डॉलर भरलेल्या पालकाला हे पचायला जड जातं, पण शरीराला ती पावती दिसत नाही.

मागे पडलेलं मूल कायमचं मागे राहतं असंही नाही. हॅरी केनचा जन्म २८ जुलैचा, आणि इंग्लंडमध्ये रेघ १ सप्टेंबरला, म्हणजे तो वर्गात जवळपास शेवटचा. आर्सेनलने त्याला लहानपणीच सोडून दिलं. पुढे तो इंग्लंडसाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. अर्थात एका केनवरून आपल्या घरच्या जुलैबाळाचं भविष्य वर्तवू नये.

मॅनेजरच्या हातात एक स्वस्त उपाय मात्र आहे. नेदरलँड्समध्ये डेव्हिड मान आणि प्लून वान खिनेकन यांनी मुलांचा सामना पाहणाऱ्या पारखी मंडळींवर प्रयोग केला. जन्मतारखांची यादी हातात देऊनही त्यांचा कल मोठ्या मुलांकडेच राहिला. पण जर्सीचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले आणि तसं सांगितलं, तेव्हा तो कल नाहीसा झाला. ट्रायआउटच्या सकाळी मॅनेजर तसेही क्रमांक वाटतच असतो. ते नावाच्या आद्याक्षराने न वाटता जन्मतारखेने वाटायचे आणि कोचला त्याचा अर्थ आधी सांगून ठेवायचा.