टॅपेट वाजतोय? आवळण्याआधी कॅमचा चढ समजून घ्या

"टॅपेट वाजतोय, आवळून देतो." फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) न लावता, बोटाने रॉकर हलवून अंदाजाने टॅपेट आवळणारे मेकॅनिक आजही भेटतात. आवाज गेला म्हणून गाडीवालाही खूश असतो. प्रत्यक्षात थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, अति आवळलेला टॅपेट मात्र व्हॉल्व्ह जाळतो.

कॅम म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेला फिरता भाग. तो रॉकर नावाची तरफ उचलतो आणि रॉकर दांडा दाबून व्हॉल्व्ह उघडतो. रॉकरच्या टोकाला फट कमी-जास्त करणारा स्क्रू असतो, तोच आपला टॅपेट. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात थोडी फट हवी असते. गरम झाल्यावर इंजिनाचे भाग कमी-जास्त फुगतात, तरीही व्हॉल्व्ह सीटवर (ज्या कड्यावर टेकून तो बंद होतो) घट्ट बसला पाहिजे. १००-१५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ही फट ०.०५ ते ०.१० मिमी, म्हणजे केसाच्या जाडीइतकी असते. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघायचा.

एवढ्याशा फटीत थोडा फरक पडला तर एवढा आवाज का? याचं उत्तर कॅमच्या आकारात आहे, आणि मला या इंजिनातला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो. कॅमच्या गोल भागातून उंचवट्याकडे जाताना आधी एक अगदी सौम्य चढ दिलेला असतो. या चढावर रॉकर मुद्दाम हळू उचलला जातो. फट इथेच संपते, टोक दांड्याला अलगद टेकतं आणि मगच खरा, उभा चढ सुरू होतो. फट वाढली की सौम्य चढ वाया जातो आणि रॉकर उभ्या चढावर, वेगात असताना दांड्यावर आदळतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; वेग तिप्पट झाला तर ऊर्जा नऊपट. बंद होतानाही तेच: उतरणीचा सौम्य भाग हुकतो आणि व्हॉल्व्ह सीटवर आपटतो.

फट फार कमी असेल तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारा) आपली बरीचशी उष्णता सीटमार्फतच इंजिनाच्या हेडला देतो. तो मार्ग बंद झाला की त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. व्हॉल्व्ह आणि सीट झिजतात तशी फट आपोआप कमीही होते. म्हणून आवाज नसला तरी तपासणी हवी.

कॅमशाफ्ट (कॅम असलेला दांडा) क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. १४०० आरपीएमच्या आयडलिंगला एक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे १२ वेळा उघडतो, त्यामुळे टॅपेटचा टकटकाट ठरावीक लयीत येतो. अॅक्सिलरेटर सोडताना खडखड वाढत असेल तर आधी टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बघावा.

फट मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणून. दोन्ही व्हॉल्व्हचे रॉकर किंचित हलले पाहिजेत. फीलर गेज हलका अडत सरकावा. लॉकनट आवळल्यावर सेटिंग हमखास थोडं सरकतं, म्हणून पुन्हा मोजावं. गेज बरोबर सांगतोय, तरी आवाज तसाच, असं झालं तर स्क्रूचं टोक काढून बघा. त्याला खळगा पडला असेल तर गेजची सपाट पट्टी खळग्यावरून आडवी जाते आणि खरी फट मोजलेल्या फटीपेक्षा जास्त राहते. तो स्क्रू बदलावाच लागतो.

"आवाज घालवणारं" जाड ऑइल किंवा बाटलीतलं ॲडिटिव्ह यांनी फट बदलत नाही. फार तर आवाज काही दिवस दबतो. रॉयल एनफील्डच्या यूसीई इंजिनाच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या) बुलेट आणि क्लासिकमध्ये हायड्रॉलिक टॅपेट असतात. तिथे फट ऑइलच्या दाबाने भरते आणि हाताने सेटिंग करायचं नसतं. रात्रभर उभी राहिलेली अशी गाडी स्टार्ट झाल्यावर काही सेकंद वाजली, तर दाब येईपर्यंत थांबावं. गरम झाल्यावरही टकटक राहिली तर आधी ऑइलची पातळी बघावी.