ठणक थांबली की दाढ काढा

अक्कलदाढ ठणकायला लागली की माणूस रात्री लवंगेचा बोळा धरतो आणि सकाळी दवाखान्यात जाऊन म्हणतो, ‘आजच्या आज उपटून टाका.’ डॉक्टर गोळ्या लिहून देतात, आठवड्याने यायला सांगतात. आठवड्यात सूज उतरते आणि मग तिकडे कुणी फिरकत नाही. दुखतच नाही, तर काढायची कशाला? हा हिशेब उलटा आहे.

ही दाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. मागे जागा पुरली नाही तर ती अडकते. खालच्या जबड्यात बहुतेकदा पुढच्या दाढेवर कलंडलेली असते. पूर्ण हाडात गाडलेली दाढ सहसा गप्प असते, सरळ वर येऊन नीट चावणारीही. खरा उपद्रव अर्धवट उगवलेलीचा.

तिच्या माथ्यावर हिरडीचा पदर टोपीसारखा पडून राहतो. पदर आणि दाढ यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. त्यात शेंगदाण्याचा कूट, पोह्याचा कण जाऊन बसतो आणि ब्रश तिथे पोचत नाही. आत प्राणवायू कमी, त्यामुळे प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंचं फावतं. हिरडी सुजते, सुजून उंच होते, आणि चावताना वरची अक्कलदाढ नेमकी तिच्यावर आदळते. चेचली की ती आणखी सुजते. सूज चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेली की तोंड उघडत नाही. एरवी आपली तीन बोटं एकावर एक ठेवून दातांमधून आत जातात. अशा वेळी एक जाताना मारामार. (गुटखा-मावा खाणाऱ्यांचं तोंड महिनोन्महिने हळूहळू आखडत जातं, तो वेगळा आणि गंभीर आजार आहे. तो अक्कलदाढेवर ढकलू नये.)

अशा वेळी पहिला उपचार म्हणजे खिसा धुणं. बोथट, वाकवलेल्या सुईच्या सिरिंजने पदराखाली कोमट सलाइन सोडतात. वरची दाढ टोचत असेल तर ती घासतात किंवा काढतात. ताप असेल, सूज पसरत असेल, तोंड उघडत नसेल तर अँटिबायोटिक. त्याने जिवाणू मरतात, पण खिसा जिथल्या तिथे राहतो. म्हणून दुखणं परत येतं.

मग त्याच दिवशी का काढत नाहीत? एक कारण रसायनाचं आहे. भूल देणाऱ्या लिग्नोकेनचे रेणू दोन रूपांत असतात, विद्युतभार असलेले आणि नसलेले. मज्जातंतूचं आवरण स्निग्ध, त्यातून बिनभाराचेच आत शिरतात. आत गेल्यावर ते पुन्हा भार घेतात आणि मज्जातंतूत सोडियम आत सोडणारी दारं बंद करतात. वेदनेचा संदेश तिथेच थांबतो. कुठलं रूप किती, हे आजूबाजूच्या पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर ठरतं (आकडा कमी, तितकी आम्लता जास्त). ७.९ पीएचला दोन्ही निम्मेनिम्मे. निरोगी ऊतीच्या ७.४ पीएचला बिनभाराचे साधारण २४ टक्के. सुजेत आम्लता वाढते, पीएच ६.४ वर आला असं धरलं तर उरतात जेमतेम ३ टक्के. औषध तेच, सुई तीच, पण आत शिरणारे रेणू आठव्या हिश्श्यावर. खालच्या दाढेसाठी सुई सुजेपासून दूर, जबड्याच्या मागच्या भागात देतात हे खरं. पण त्यासाठी तोंड तर उघडलं पाहिजे!

शांत दिवशी हेच काम सोपं जातं. हिरडी बाजूला करून, सलाइनची धार सोडत दाढेभोवतीचं थोडं हाड कोरतात, दाढेचे तुकडे करून एकेक बाहेर काढतात आणि टाके घालतात. आधी एक्स-रे लागतोच, कारण खालच्या ओठाला संवेदना देणारी नस मुळांच्या जवळून जाते. फारच जवळ असेल तर काही वेळा फक्त माथा काढून मुळं आत ठेवतात. वरची दाढ काढल्याने नजर जाते ही मात्र थाप. दृष्टीची नस वेगळी, वरच्या दातांची वेगळी.

नंतर कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. २४ तास थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, चूळ नाही आणि सिगारेट तर अजिबात नाही. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडं पडतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सगळं ओसरायला हवं तेव्हाच, कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. तिथे अँटिबायोटिक वाढवून उपयोग नाही. खड्डा धुऊन औषधाचा बोळा भरावा लागतो.

जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज आली, गिळताना वा श्वास घेताना त्रास झाला, तर मात्र सूज उतरायची वाट बघायची नाही. थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

प्रत्येक अडकलेली दाढ काढलीच पाहिजे, असंही नाही. इंग्लंडमध्ये २००० साली निघालेली मार्गदर्शक सूचना सांगते की रोग नसलेली अडकलेली दाढ निव्वळ खबरदारी म्हणून काढू नये. हिरडीच्या पहिल्या साध्या दुखण्यावर काढायची गरज नाही, दुसऱ्यांदा झालं तर विचार करावा. न भरता येणारी कीड, गाठ, शेजारच्या दाढेची झीज ही पक्की कारणं. पुढचे दात वाकडे होतील म्हणून काढा, याला भक्कम आधार नाही.

कलंडलेली दाढ ठेवायची ठरली, तर लक्ष तिच्या पुढच्या दाढेवर ठेवावं. दोघींच्या फटीत अन्न अडकतं आणि त्या चांगल्या दाढेला मागून कीड लागते. आरशात ती दिसत नाही आणि सुरुवातीला दुखतही नाही. एक्स-रेत दिसते.