पडद्याचा माथा

खिडकीच्या किंवा दाराच्या पडद्याची दांडीला वा चॅनेलला (पडदा सरकवायच्या खाचेच्या पट्टीला) अडकणारी वरची पट्टी म्हणजे पडद्याचा माथा. दुकानात त्याला ‘हेडिंग’ म्हणतात; शिंपी सरळ विचारतो, ‘रिंग की प्लीट?’ पडदा कसा पडेल, किती सहज सरकेल आणि कापड किती लागेल, हे सगळे या चार-पाच इंचांत ठरते. म्हणून माथा आधी ठरवावा आणि कापड नंतर घ्यावे. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो आणि शिवायला टाकताना कापड कमी पडते.

सर्वांत साधा माथा नेफ्याचा. परकराला नाडीसाठी असतो तसाच नेफा शिवून त्यातून दांडी किंवा प्लास्टिकच्या वेष्टणाची स्प्रिंग ओवतात. चाळीत, जुन्या वाड्यांत खिडकीच्या खालच्या निम्म्या भागाला लावलेले अर्धे पडदे याच पद्धतीचे : गॅलरीतून जाणाऱ्याची नजर अडते, वरून वारा येतो. शिलाई कमी, धुणे सोपे. मात्र नेफा दांडीला घासत सरकतो, त्यामुळे रोज उघडबंद करायच्या पडद्याला तो जाचतो. स्वयंपाकघराची खिडकी, कपाटाचे उघडे खण अशा क्वचित हलवायच्या जागी तो अजूनही उत्तम. कापडाच्याच पट्ट्यांचे लूप असलेला माथाही जवळपास असाच. दिसतो छान, सरकतो अडखळत.

आयलेट किंवा रिंगचा माथा आज सर्वाधिक दिसतो. बकरम, म्हणजे ताठ अस्तर, घातलेल्या पट्टीत गोल कड्या बसवून त्यांतून दांडी जाते. कड्यांची संख्या सम असावी लागते, तरच पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. घड्या दांडीच्या पुढे-मागे साधारण तीन-तीन इंच येतात. ब्रॅकेट भिंतीपासून तेवढे बाहेर नसेल तर कापड ग्रिलला घासते. बाल्कनीच्या दाराला, मुलांच्या खोलीला ही पद्धत सोयीची. समुद्राकाठच्या दमट हवेत मात्र हलक्या लोखंडी कड्या गंजून कापडावर डाग पडतात. तेथे स्टेनलेस स्टीलच्या किंवा चांगल्या प्लास्टिकच्या घ्याव्यात.

रिंगची खरी अडचण लांब खिडकीत कळते. दांडी मध्ये झुकू नये म्हणून तिला मधला ब्रॅकेट लागतो आणि कडी त्यावरून पुढे जात नाही. अशा ठिकाणी चॅनेल आणि प्लीटचा माथा घ्यावा. त्यात बकरमवर ठरावीक अंतराने चुण्या घालून त्या टाचतात. तीन चुण्यांची जुडी म्हणजे ट्रिपल प्लीट. साडीच्या निऱ्या चापून बसवाव्यात तशी ही घडी धुतल्यावरही जागची हलत नाही. मागचे हूक चॅनेलमधून सरकणाऱ्या रनरमध्ये अडकतात आणि पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विनाअडथळा जातो. चॅनेल छताला लावले तर वरून उजेडही कमी झिरपतो. पश्चिमेची खिडकी असेल किंवा रात्रपाळी करून कुणी दिवसा झोपत असेल, तर ही बाब मोलाची आहे. शिलाई महाग पडते, तरी दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीला तो खर्च योग्यच.

कापडाचा हिशेब दांडीच्या लांबीवरून करतात, खिडकीच्या नव्हे. नेफा व रिंगला सुमारे दुप्पट, ट्रिपल प्लीटला अडीचपट रुंदी धरतात. दांडी 6 फूट, म्हणजे 72 इंच, आणि कापडाचा पन्हा 48 इंच असेल, तर रिंगला 3 पन्हे आणि ट्रिपल प्लीटला 4 पन्हे लागतात. पडदा 7 फुटी असल्यास दुमडीसकट एका पन्ह्याला सुमारे अडीच मीटर, म्हणजे एकूण साडेसात आणि दहा मीटर. तयार पडदे बहुधा 4 फूट रुंद असतात. 4 फुटी दांडीवर त्यांची जोडी भरदार दिसते. 6 फुटी दांडीवर तीच जोडी ताणून लावल्यासारखी दिसते, आणि दोष उगाच कापडाला दिला जातो.

सुती कापड शिवण्यापूर्वी भिजवून घ्यावे, कारण 3 टक्के आटले तरी 7 फुटांत अडीच इंच जातात. धुताना हूक काढावेत. रिंगचा पडदा मशीनमध्ये टाकायचा तर कड्यांचा भाग उशीच्या अभ्र्यात बांधावा. बकरम पिळू नये. त्याची एकदा पडलेली मोड इस्त्रीनेही पुरती जात नाही.