फॉर्स्टरची कात्री

डिकन्सच्या पत्रांचा विषय निघाला की पहिला दोष त्याचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टरवर येतो. न्यूकॅसलचा हा माणूस कायदा शिकायला लंडनला आला आणि वृत्तपत्रांत रमला. ‘एक्झामिनर’ या साप्ताहिकात आधी समीक्षक, १८४७ ते १८५५ संपादक. १८४६ मध्ये डिकन्सने ‘डेली न्यूज’चे संपादकपद तीन आठवड्यांच्या आतच टाकले, तेव्हा ते ओझेही काही महिने यानेच वाहिले. १८४८ च्या गोल्डस्मिथ-चरित्रावरून आधीच्या एका चरित्रकाराने त्याच्यावर उचलेगिरीचा आरोप केला होता. पण खरे रण माजले ते पुढे.

१८७२ ते १८७४ मध्ये डिकन्स-चरित्राचे तीन खंड आले. बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या डब्यांवर कागद बांधून लेबले चिकटवत असे, हे लोकांना इथेच प्रथम कळले. त्याच्या मुलांनाही ठाऊक नव्हते. हे सगळे डिकन्सने स्वतः फॉर्स्टरला लिहून दिले होते. मात्र चरित्र लिहिताना पठ्ठ्याने आपल्याला आलेली पत्रे कात्रीने कापली, हवे ते तुकडे हस्तलिखितात डकवले आणि उरलेले बहुतेक नष्ट केले. नंतरच्या संपादकांनी ताडून पाहिले, तर डिकन्सने दुसऱ्यांना लिहिलेल्या ओळीही याने स्वतःच्या नावावर घातलेल्या सापडल्या. याचा बचाव करणे अवघड आहे.

डिकन्सचे नाव जिच्याशी जोडले जाते त्या अभिनेत्रीबद्दलचे, एलन टर्ननबद्दलचे, फॉर्स्टरचे मौन मला वेगळे वाटते. मराठीत ‘चरित्र’ आणि ‘चारित्र्य’ शेजारी नांदतात. फॉर्स्टरने एक लिहिताना दुसरे जपले. १८५८ मध्ये डिकन्स नवराबायको वेगळे झाले एवढे सांगून तो पुढे सरकतो, तिचे नाव कथनात येऊ देत नाही. पण तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात त्याने डिकन्सचे मृत्युपत्र जसेच्या तसे छापले आणि त्यात पहिलीच देणगी आहे ती तिला, १,००० पौंडांची. मृत्युपत्राच्या दोन व्यवस्थापकांपैकी एक तो स्वतः. वकिली शिकलेल्या माणसाच्या नजरेतून ही ओळ निसटली असेल? मला नाही पटत.

१८७६ मध्ये तो गेला. त्याची ग्रंथसंपदा साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला मिळाली आणि ‘डेव्हिड कॉपरफील्ड’चे खाडाखोडीसह हस्तलिखित त्यातूनच तिथे पोचले. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीचा मूळ शेवट डिकन्सने एका कादंबरीकार मित्राच्या सल्ल्याने बदलला होता. नायक पिप आणि त्याची आवडती एस्टेला रस्त्यात ओझरते भेटून कायमचे दुरावतात, तो शेवट पहिल्यांदा छापला फॉर्स्टरनेच, त्याच तिसऱ्या खंडात.